आधी थर्मास उतरवा

टोचरे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. अणुभट्टीतून जळून आलेल्या इंधनाच्या कांड्यांना भोक पाडायचं काम ते एकतीस वर्षं करत होते, म्हणून प्रयोगशाळेनं त्यांना ते नाव बहाल केलं होतं. दुसरंही एक कारण होतं, पण ते सांगायची गरज नसे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपोआप कळे.

जगात माणसांच्या दोनच जाती, असं टोचरे मानत. एक, ज्यांनी मीटरभर जाड भिंतीतल्या पिवळट काचेतून आत बघत, यांत्रिक हातांनी जळकी कांडी धरली आहे. आणि दुसरी, जी नुसते ग्राफ काढते. पहिल्या जातीत ते स्वतः होते. आणखी कोण होतं, हे विचारलं तर जरा विचार करावा लागे.

कांडी म्हणजे करंगळीएवढी जाड आणि दोन पुरुष लांब अशी धातूची नळी. तिच्यात खडूच्या तुकड्याएवढ्या काळ्या गोळ्या एकावर एक रचलेल्या असतात. भट्टीत त्या गोळ्यांमधले अणू फुटतात, आणि फुटलेल्या तुकड्यांत थोडा वायूही निघतो, झेनॉन आणि क्रिप्टॉन. हे दोघे कुणात मिसळणारे नव्हेत. गोळीच्या पोटात बारीक बुडबुडे करून बसून राहतात. बसले तोवर ठीक. पण गोळी फार तापली, फार वर्षं भट्टीत राहिली, की बुडबुडे एकमेकांना जाऊन मिळतात, त्यातून वाट तयार होते आणि वायू गोळीतून सुटून नळीत येतो. मग नळीतला दाब वाढतो. तो बाहेरच्या पाण्याच्या दाबाला भारी झाला की नळी फुगते, गोळीपासून सुटते, गोळीची उष्णता अडकते, गोळी आणखी तापते आणि आणखी वायू सोडते. एवढं झाल्यावर नळीला चीर जायला मुहूर्त लागत नाही.

तेव्हा किती वायू सुटलाय हे कुणीतरी मोजावं लागतं. कांडीच्या टोकाशी थोडी रिकामी जागा असते, तिथे भोक पाडायचं, आतला वायू बारीक नळीनं भिंतीबाहेरच्या कपाटात घ्यायचा आणि गेजवर दाब वाचायचा. ऐकायला सोपं. पण एका कांडीला एकदाच भोक पडतं. गेलेला वायू परत कांडीत जात नाही, आणि 'सॉरी' म्हणून दुसऱ्यांदा टोचता येत नाही. टोचऱ्यांचा सगळा तोरा या एका गोष्टीवर उभा होता.

त्या कपाटात एक सापळा होता. सापळा म्हणजे वाकवलेली स्टीलची नळी, तिच्याखाली द्रव नायट्रोजननं भरलेला थर्मास. टोचण्याआधी पंप लावून सगळी वाट रिकामी करताना पंपाच्या तेलाची वाफ आणि ओल या गार नळीत गोठून अडकते. काम झालं की थर्मास खाली उतरवायचा, नळी खोलीच्या उष्णतेला येऊ द्यायची, आणि मगच टोचायचं. कारण त्या गारठ्यात झेनॉनही गोठतो. तो सापळ्यात मुकाट बसून राहतो आणि गेजला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून कपाटावर टोचऱ्यांच्या हस्ताक्षरातली पत्र्याची पाटी होती: 'आधी थर्मास उतरवा, मग टोचा.' खाली, जरा लहान अक्षरात: 'डोकं असेल तर.'

या पाटीला एक इतिहास होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या एकानं थर्मास न उतरवता कांडी टोचली होती. वायू गेला नव्हता, सापळ्यात होता, नळी गरम झाल्यावर तो सगळा परत मिळाला आणि आकडा बरोबर आला. एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण टोचऱ्यांची एक वही होती. चुकांची वही. तारीख, कांडीचा क्रमांक, काय चुकलं, कुणाचं चुकलं आणि कुणी पकडलं, असे पाच रकाने. दर सोमवारी सकाळी चहाच्या वेळी ते ती मोठ्यानं वाचत. नवी चूक नसली तर जुनी वाचत. थर्मासची चूक त्यांनी लागोपाठ नऊ सोमवार वाचली, दर वेळी नव्या मालमसाल्यासकट. दहाव्या सोमवारी त्या माणसानं बदली मागितली. तेव्हापासून तो तळमजल्यावरच्या स्टोअरमध्ये हातमोजे आणि बुटांवरची कव्हरं वाटत होता. सगळे त्याला स्टोअरवाला म्हणत, आणि त्याला कधीकाळी कांड्या टोचता येत होत्या हे निम्म्या लोकांना माहीतही नव्हतं.

त्या दिवसापासून टोचऱ्यांनी नियम केला, थर्मासला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना त्यांची शेवटची कांडी आली. ही साधीसुधी नव्हती. ठरल्यापेक्षा दोन वर्षं जास्त भट्टीत राहिलेली होती, आणि तिच्यासारख्या चारशे कांड्या अजून भट्टीत जळत होत्या. त्या आणखी दोन वर्षं तिथेच ठेवायच्या की काढायच्या, हे दुसऱ्या दिवशी एक समिती ठरवणार होती. विभागाचे साहेब ठेवा म्हणणारे. साहेबांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो सांगत होता की गोळ्यांत तयार झालेल्या वायूपैकी तीन टक्क्यांच्या आतच सुटला असणार. साहेबांचा प्रोग्रॅमवर जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्या आईवरही नसेल. काचेतून त्यांनी आत पाहिलं होतं ते एकदाच, रुजू झाले त्या दिवशी, आणि तेव्हाही 'फारच पिवळं दिसतं' एवढंच म्हणाले होते.

शेवटची कांडी म्हणून साहेबांनी सकाळी सहा पाहुणे आणि एक फोटोवाला आणला. टोचऱ्यांना पाहुण्यांचा तिटकारा होता, म्हणजे तसं ते म्हणत. खरं तर पाहुणे आले की त्यांची जीभ तासभर आधीच परजलेली असे.

"हे साहेबलोक कांडीच्या पोटात काय आहे ते कांडीला न विचारता सांगतात," ते म्हणाले. "मी अडाणी. मला विचारावं लागतं."

पाहुणे हसले. साहेबही हसले, हसावं लागतं म्हणून. पंपाचं काम झालं होतं, गेज शून्यावर स्थिर होता, ऑपरेटरबाई पलीकडच्या टेबलाशी नोंदी घेत होत्या. बारा वर्षं त्या टोचऱ्यांबरोबर होत्या. जाड चष्मा, कमी बोलणं, आणि वहीत एकदाही नाव नाही. त्यांच्या आणि कपाटाच्या मधे पाहुण्यांची भिंत उभी होती.

फोटोवाल्यानं पाटीबद्दल विचारलं, आणि टोचऱ्यांना ऊत आला. त्यांनी स्टोअरवाल्याची सगळी कथा सांगितली. त्याची नक्कल केली, तो कसा घामाघूम झाला, कसा तत-पप करायला लागला. "पाटी वाचता येते, पण आत शिरत नाही, अशा डोक्यांना आपण आता हातमोजे मोजायला बसवतो," असा शेवट केला. जोरदार हशा पिकला. त्या हशातच त्यांनी यांत्रिक हात धरले, फोटोवाल्याकडे मान वळवली आणि कांडी टोचली.

थर्मास पाहुण्यांच्या गुडघ्यांमागे, सापळ्याखाली, जिथल्या तिथे होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेजचा काटा थोडा चढला आणि थांबला. कारखान्यात कांडीत भरलेला हेलियम वजा केला, हिशोब केला. अडीच टक्के.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा टोचऱ्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शेवटी अनुभव तो अनुभव. तुमच्या आकड्याला उद्या कुणी बोट लावू शकणार नाही." टोचऱ्यांना बरं वाटलं. एवढा कमी आकडा आपल्याला कसा पटला, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. कळलं नाही असं ते म्हणत. स्तुती गोड लागली, एवढंच त्याचं उत्तर होतं.

एक वाजता ते जेवायला घरी निघाले. घर दहा मिनिटांवर, वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर. दारात ऑपरेटरबाईंनी घडी केलेली चिठ्ठी दिली. वायूचा नमुना दुसऱ्या यंत्रात वेगवेगळा करून मोजतात, त्याचा निकाल. ही चिठ्ठी फक्त टोचरे वाचत आणि फाइलला लावत, साहेबलोकांना एकच आकडा पुरे असतो.

"तीन वाजता वाट रिकामी करायची आहे," बाई म्हणाल्या. "पंप लावायच्या आधी वाचाल ना?"

"बाई, मी चिठ्ठ्या तुमच्या जन्माआधीपासून वाचतोय," टोचरे म्हणाले. ते खोटं होतं, पण तिखट होतं, आणि त्यांना तेवढं पुरत असे.

चिठ्ठी त्यांनी ताटावर बसून उघडली. एका ओळीखाली लाल पेनानं रेघ होती. गोळीतून जेवढा क्रिप्टॉन सुटतो त्याच्या सात-आठ पट झेनॉन सुटतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. इथे क्रिप्टॉन होता आणि झेनॉन जवळजवळ नव्हताच.

हातातला घास हातातच राहिला. झेनॉन कुठे गेला हे त्यांना लगेच कळलं. तो कुठेही गेला नव्हता. थर्माससमोर उभं राहून, पाटीकडे बोट दाखवून, दुसऱ्याची नक्कल करत त्यांनी स्वतःच तो गोठवून ठेवला होता. आणि तीन वाजता पंप लागणार होता. तोवर नायट्रोजन उडून सापळा गरम होत आलेला असणार, मग झेनॉन पंपातून थेट चिमणीत. राहील तो अडीच टक्क्यांचा आकडा, त्यांच्या सहीचा, ज्याला उद्या कुणी बोट लावणार नव्हतं.

बायको समोर शिलाई मशीनवर शेजारणीची उशीची खोळ शिवत होती. ती वर न बघता म्हणाली, "काय चुकलं?"

"कुणाचं?"

"तुमचं. दुसऱ्याचं चुकलं असतं तर तुम्ही दोन घास जास्त खाल्ले असते. आज अर्धं ताट तसंच आहे."

टोचऱ्यांनी तिला सांगितलं. ती दोरा तोडून ऐकत राहिली. मग ते म्हणाले, "आठ दिवस राहिलेत. सोमवारी हे सगळं माझ्याच तोंडावर येईल. जन्मभर मी ज्यांना बोललो ते सगळे दात काढतील."

"काढू देत की. त्यांनी तुमचे दात एकतीस वर्षं पाहिले," ती म्हणाली. "आणि त्या चारशे कांड्यांचं काय? त्या तुमच्या अब्रूकडे बघून फुगायच्या थांबणार आहेत का?"

टोचऱ्यांनी घास ताटात ठेवला. त्यांना स्टोअरवाला आठवत होता. पाहुण्यांना सांगितला तसा नव्हे, खरा. तो घामाघूम वगैरे झाला नव्हता. सरळ चालत येऊन म्हणाला होता, "सर, माझ्याकडून थर्मास राहिला. व्हॉल्व्ह बंद आहेत, वायू आत आहे." बस्स, एवढंच. आणि खरं बोलण्याचं बक्षीस म्हणून टोचऱ्यांनी त्याला नऊ सोमवार सोलला होता. आता खरं बोलायची पाळी आपली आली, तर पाय जमिनीला चिकटलेत. पोरगेलेसा होता तो तेव्हा, तरी आला होता. टोचऱ्यांना स्वतःची शिसारी आली.

ते निघाले. चपला उलट्या घातल्या, त्या जिन्यात सुलट केल्या. प्रयोगशाळेच्या दारावर बूट बदलायचे, अंगरखा घालायचा, छातीला बिल्ला लावायचा, हे सगळं करताना घड्याळात दोन पन्नास झाले. बुटांची कव्हरं स्टोअरवाल्यानंच खिडकीतून दिली. टोचऱ्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

वर ऑपरेटरबाई पंपासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. व्हॉल्व्ह बंद होते. चुकांची वही त्यांच्यासमोर उघडी होती आणि तिच्यात तारीख, कांडीचा क्रमांक आणि काय चुकलं ते नीट अक्षरात लिहून झालं होतं. 'कुणाचं' हा रकाना रिकामा होता.

"मी तीनपर्यंत थांबणार होते," त्या म्हणाल्या. "तीन वाजता मी लिहिणार होते."

"सकाळीच का नाही बोललात?"

"बोलायला जागा ठेवता का तुम्ही कुणाला?"

टोचऱ्यांनी पेन घेऊन 'कुणाचं' खाली 'माझं' लिहिलं. पुढच्या रकान्यात ते अडखळले. मग 'ऑपरेटरबाईंनी पकडलं' असं लिहिलं. त्या तीन-चार अंगुळांच्या जागेत त्यांचा हात जेवढा जड झाला तेवढा यांत्रिक हातांनीही कधी झाला नव्हता.

मग त्यांनी वाकून थर्मास उतरवला. तळाशी थोडाच नायट्रोजन उरला होता. सापळ्यावरचं पांढरं बर्फ ओघळायला लागलं आणि गेजचा काटा हलला. तो चढत राहिला. दोघं काट्याकडे बघत होते. अर्ध्या तासानं काटा थांबला तेव्हा बाईंनी हिशोब केला आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. वीस टक्के.

वीस टक्के म्हणजे आणखी दोन वर्षं सोडाच, ती कांडी आत्ताच काठावर होती.

साहेबांनी आधी विश्वास ठेवला नाही, मग ठेवायचा नाही असं ठरवलं. "वाट गळत असेल. बाहेरची हवा शिरली असेल."

"हवा शिरली असती तर चिठ्ठीत ऑक्सिजन दिसला असता. सापळा गरम झाल्यावरची नवी चिठ्ठी बघा. झेनॉन क्रिप्टॉनच्या आठ पट. हवेतून येत नाही तो."

"पण सकाळचं वाचन पाहुण्यांसमोर झालंय. त्याचा फोटो आहे!" मग त्यांनी आवाज खाली आणला. "आठ दिवसांनी तुम्ही जाणार. स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडाला काळं कशाला फासून घेता?"

"फोटो आहे ना? मग मोठा करून बघा," टोचरे म्हणाले. "पाहुण्यांच्या गुडघ्यांमागे. थर्मास वाफाळतोय. त्याच्या वर पाटी आहे, आणि पाटीखाली मी बत्तिशी दाखवत उभा आहे. असा पुरावा कुणी पैसे देऊनही काढून देणार नाही."

साहेबांनी फोटो मोठा केला. थर्मास होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि फोटोवाला साहेबांनीच बोलावला होता. दुसऱ्या दिवशी समितीपुढे वीसचा आकडा गेला, आणि चारशे कांड्या काढायचं ठरलं. प्रोग्रॅम मात्र बरोबरच होता, फक्त कांडी चुकली होती, असं साहेब अजूनही म्हणतात.

सोमवारी चहाच्या वेळी खोली भरली होती. एरवी लोक या वाचनाला कारणं काढून टाळत, त्या दिवशी कॅन्टीनचा माणूसही ट्रे घेऊन रेंगाळला. टोचऱ्यांनी स्टोअरवाल्यालाही वर बोलावलं होतं. तो दाराशी उभा राहिला, बसला नाही.

टोचऱ्यांनी वाचलं. पाचही रकाने, एकही शब्द न गाळता. मग सवयीनं मालमसाला घालायला तोंड उघडलं, "पाटी वाचता येते, पण आत..." आणि पुढे त्यांना बोलता येईना. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी वही स्टोअरवाल्यापुढे धरली. "तू वाच. तुझा हक्क आहे. काय बोलायचं ते बोल."

स्टोअरवाल्यानं वही घेतली, पण ते पान वाचलं नाही. तो पानं मागे उलटत गेला, बराच वेळ, कडा पिवळ्या पडलेल्या पानांपर्यंत. मग एका ओळीवर बोट ठेवून त्यानं वही टोचऱ्यांकडे फिरवली.

बावीस वर्षांपूर्वीची तारीख. काय चुकलं: थर्मास उतरवला नाही. कुणाचं: त्याचं नाव. कुणी पकडलं: 'मी', आणि खाली टोचऱ्यांची ऐटबाज सही.

"मला बोलायचं काही नाही, सर," तो म्हणाला. "नऊ सोमवार तुम्ही एवढा एक रकाना चुकीचा वाचलात. तेवढं दुरुस्त करा."

सगळ्यांसमोर टोचऱ्यांनी पेन काढलं आणि 'मी'वर रेघ मारली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. त्यांनी लिहिलं, 'त्यानं स्वतः येऊन सांगितलं.' खाली आजची तारीख घातली.

स्टोअरवाल्यानं ते वाचलं, दोनदा वाचलं. मग वही मिटून बाईंच्या हातात दिली आणि हातमोज्यांची खिडकी उघडायची वेळ झाली म्हणून खाली निघून गेला.